डाव्या हाताचा ड्रम

फुकट ते पौष्टिक, हे इंद्रजीतचं आवडतं तत्त्व. त्यातून वस्तू पाणी साठवायची असली तर विचारायलाच नको. गारखेड्यात नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि त्या दिवशी घरात बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवावा लागायचा. अशा माणसाला रविवारी पैठणच्या धरणावर, काठापासून जरा आत, मोठा निळा ड्रम तरंगताना दिसला आणि त्याची अक्कल तिथंच चरायला गेली.

बायको सुलेखा आणि दहावीतली मुलगी मेघा अप्पारावांच्या मोटारनावेतून फेरीला गेल्या होत्या. इंद्रजीतला पोहता येत नसल्यानं तो काठावरच राहिला. “घाबरट पप्पा!” म्हणून मेघानं चिडवलंही होतं. त्या घाबरटानं ड्रमच्या लोभापायी छातीभर पाण्यात जाऊन काकडी कापायला आणलेल्या सुरीनं त्याला बांधलेला दोर कापला आणि ड्रम काठाला ओढून आणला. त्यावर लाल पट्टा रंगवला होता, तळाला जाडजूड लोखंडी कडी होती. पट्टा घासला की निघेल, असं त्याला वाटलं.

तो घासत बसला असताना अप्पारावांची बायको मनकर्णाबाई भज्यांच्या टपरीतून बाहेर आली.

“भाऊ, ह्यो ड्रम कुडून आणला?”

“बेवारशी होता, मावशी.”

“बेवारशी? आरं देवा! तितं पाण्याखाली जुन्या गावाची भित हाय. मालक येताना ड्रम डाव्या हाताला ठिवत्यात. त्यो मागं पडला की मग काठाकडं वळत्यात. भितीवर गेली तर नाव फाटंल की रं!”

इंद्रजीतच्या तोंडचं पाणी पळालं. लांबून इंजिनाचा आवाज येतच होता. मेघाचा आणि सुलेखाचा फोन काठावरच्या पिशवीत, अप्पारावांचा टपरीत चार्जिंगला. नावेत जाकिटं नव्हती. मेघालाही पोहता येत नव्हतं, सुलेखालाही नाही. त्यानं गळा फाटेस्तोवर हाका मारल्या, पण इंजिनापुढं कुणाला काय ऐकू जाणार?

ड्रम होता तिथं नेऊन धरायचा, एवढंच त्याला सुचलं. तो ड्रमसकट पाण्यात घुसला. पण होता कुठं तो? पाण्याला का खुणा असतात? तो चाचपडत पुढं गेला आणि पायाखालची जमीनच संपली. त्यानं ड्रमला मिठी मारली. वाऱ्यानं दोघांनाही नावेच्या दिशेनं ढकलत नेलं.

आता मेघाची पिवळी ओढणी दिसत होती. ड्रममागचा माणूस मात्र नावेतून दिसत नव्हता. अप्पारावांनी लाल पट्टा पाहिला आणि रोजच्या सवयीनं ड्रम डाव्या हाताला घेतला.

“ड्रम नावेकडं लई पुढं गेला!” काठावरून मनकर्णाबाई ऊर बडवत ओरडत होती. “आता त्यो मागं पडताच वळलं की भितीवरच जात्यात!”

इंद्रजीतला कळलं. ड्रम नसता तर अप्पाराव निदान बिचकले असते. आता हा ड्रमच त्यांना फसवणार होता. आणि सोडला तरी तो तरंगणारच. बुडवायलाच हवा होता.

त्यानं झाकणाला हात घातला. मरणाची भीती वाटली, फार वाटली. तोंडात पाणी शिरलं, तरी हात झाकण फिरवत राहिला. झाकण निघालं. ड्रमचं तोंड त्यानं पाण्यात दाबलं. ड्रम बुडबुडत भरला, कडीच्या वजनानं खाली गेला, आणि मिठीत धरायला काही उरलं नाही.

डोळ्यांदेखत खूण गडप झालेली पाहून अप्पारावांनी इंजिन बंद केलं. मग त्यांना पाण्यावर हलणारा हात दिसला. त्यांनी बांबू पुढं केला, सुलेखानं शर्टाला धरून ओढलं आणि इंद्रजीत नावेत येऊन पडला. अप्पारावांनी तोच बांबू नावेपुढं पाण्यात घातला. तो दगडावर आपटला.

मेघा रडत बापाच्या छातीवर बुक्क्या मारत होती. “पोहता येत नाही ना तुम्हाला? मग हातातला ड्रम का बुडवलात, पप्पा?”

“पर माजा ड्रम हितं आलाच कसा?” अप्पाराव म्हणाले.

इंद्रजीतला खोटं बोलता आलं असतं. दोर तुटला म्हणाला असता तर कुणी शंका घेतली नसती.

“मीच कापून काढला होता,” तो मेघाला म्हणाला. “घरी न्यायला.”

मेघाच्या बुक्क्या थांबल्या. तिनं हात मागं घेतला आणि ती आईला चिकटून बसली. काठ येईपर्यंत तिनं बापाकडं पाहिलं नाही.