तेजराम मांडववाल्याचं छत

टेबलावर उभं राहून तेजरामनं काळ्या कापडाची शेवटची कड लाकडी चौकटीवर ताणली, खिळा मारला आणि खाली उतरून मान वर केली. कुठंही सुरकुती नव्हती. कापड तव्यासारखं सपाट बसलं होतं. त्यानं खुशीत खिशातून तंबाखूचा खर्रा काढला, मग आपण स्टुडिओत आहोत हे आठवून परत ठेवून दिला.

अड्याळच्या बाजारात मोबाईलच्या दुकानामागं संघपालनं हा स्टुडिओ काढला होता. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी गावोगावच्या गायन पार्ट्या गाणी भरायला नागपूर गाठायच्या, त्यांना इथंच थांबवायचा त्याचा विचार होता. काचेपलीकडच्या खोलीत माईक, अलीकडच्या खोलीत यंत्रं आणि स्पीकर. या खोलीत आवाज स्लॅबवर आपटून परत येई. म्हणून स्लॅबखाली आणखी एक छत टांगायचं ठरलं. लाकडी चौकट, तिच्यात आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे जाड गठ्ठे आणि खालून कापड. लग्नमांडवाचं छत तेजरामसारखं आसपास कोणी लावत नसे, तेव्हा दुसऱ्या कोणाला विचारायचा प्रश्नच आला नाही.

लोकर आणि कापड यांच्या मधे काहीही नको, आवाज आत शिरला पाहिजे, असं संघपालनं बजावलं होतं. पण पहिल्यांदा लावलं तेव्हा लोकरीच्या वजनानं कापड मधोमध लोंबायला लागलं. तेजरामनं आतून तारा बांधल्या, तरी लोंबलंच. मांडवाच्या छताला झोळ दिसला की वऱ्हाडी पंगतीत बसल्या बसल्या बोट दाखवतात, आणि ते बोट तेजरामला आयुष्यात कोणी दाखवलं नव्हतं. संघपाल नागपूरला गेला होता त्या दिवशी त्यानं लोकरीखाली पातळ प्लाय ठोकली आणि तिच्यावरून कापड ओढून घेतलं.

आणखीही एक कारण होतं. आता लग्नं लॉनवर होत, तिथं लोखंडी शेड आयतीच असे. तेजरामचे बांबू घरामागं पडून होते. आणि चांगल्या दिवसांतही त्याचं प्रत्येक छत वरात गेली की दुसऱ्या सकाळी खाली यायचं, घडी होऊन पेटीत जायचं. हे पहिलंच छत वर राहणार होतं. इतकी वर्षं त्याच्या झालरी शिवणाऱ्या चंद्रभागेला, म्हणजे बायकोला, त्यानं सांगूनही टाकलं होतं, "हे उतरवाचं नाही. दाखवाले नेतो तुले."

पहिलं गाणं आसगावच्या पार्टीतल्या खुशबूचं ठरलं. विहारात ती म्हणायला लागली की बोलणारी माणसं गप्प बसत. पण इथं भलतंच होऊ लागलं. खोलीत तिचा आवाज टोचे, म्हणून संघपाल यंत्रावर त्याची धार कमी करी. मग तेच गाणं मोबाईलवर ऐकलं की मडक्यातून आल्यासारखं निघे. त्यानं स्पीकर हलवले, वायरी बदलल्या, विकणाऱ्याशी फोनवर भांडला. तेजराम रोज संध्याकाळी आपलं छत पाहायला येऊन बसे. आवाज प्लायवर आपटून परत येतोय हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी मशिनीचंच काही निघालं तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मग एका संध्याकाळी संघपालनं खुशबूला जवळ बोलावलं आणि तुझा आवाज माईकला बसत नाही, पार्टी दुसरं कोणी पाहील, असं जमेल तितकं गोड करून सांगितलं. पोरगी हो म्हणाली. वाद न घालता दाराशी जाऊन चपला घालू लागली. तेजरामला ते पाहून भयंकर लाज वाटली.

"संघपाल, पोरीले थांबव," तो म्हणाला.

"काहून, काका?"

"तिच्या आवाजाले काही झालं नाही. वर प्लाय हाये. मी ठोकली."

संघपालनं वर पाहिलं. "सांगतलं होतं न तुमाले, मधात काही नोको म्हणून?"

"सांगतलं होतं. झोळ दिसत होता. मले पाहवला नाही."

इतके दिवस बोलले का नाही, असं संघपालनं विचारलं. तेजरामनं टेबल ओढलं आणि खिळे काढायला सुरुवात केली. मांडवाचं काढायचा तसंच कापड काढलं, झटकलं, सवयीनं घडीही घातली. प्लाय खाली आली. मग घडी मोडून तेच कापड त्यानं लोकरीखाली पुन्हा लावलं, आणि ते मधोमध लोंबलं.

खुशबूचं गाणं त्यानंतर सरळ उतरलं. संघपालनं ते मोबाईलवर दोनदा ऐकलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. वर कोणीच पाहिलं नाही.

जयंती जवळ आली तेव्हा तेजरामनं शब्द दिल्याप्रमाणे चंद्रभागेला आणलं. पार्टीची माणसं काचेपलीकडे पेटी-ढोलकी जुळवत होती. तिनं यंत्रांकडे पाहिलंच नाही, आल्या आल्या मान वर केली. संघपालला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळूच म्हणाली, "मधात झोळ हाये जी."

"हाये."

"ओढून नाही घेत?"

"नाही. हे असंच राह्यते."

काचेपलीकडे खुशबूनं सुरुवात केली. आवाज खोलीत स्वच्छ आला. चंद्रभागा ऐकत होती, पण नजर तिची वरच होती. तेजरामचा हात कापडाची कड ओढायला अर्धा वर गेला होता. त्यानं तो खाली घेतला आणि खिशात घातला.