बोटीतून कुणाला उतरवायचं

देवाघरी माणसांचे साचे किती आहेत ते देवच जाणे. चेहरेवालीकडे मात्र एकच होता.

कंपनीत तिला सगळे चेहरेवालीच म्हणत, कारण मोबाइलवरच्या गेममधली माणसं ती घडवायची. हा नवा गेम बोटीचा होता. भर वादळात बोटीच्या तळाला कुणीतरी भोक पाडलंय, पाणी आत येतंय, आणि खेळणारा आहे कप्तान. ज्याचा संशय येईल त्या प्रवाशाला त्याने लहान होडीत बसवून लाटांवर सोडून द्यायचं. ओळख बरोबर निघाली तर बोट तरली, चुकली तर पाणी आणखी वर. पुरावे हवेत तर बोटभर सापडायचे. कुणाच्या बाह्या ओल्या, कुणाच्या खिशात पटाशी. फक्त शोधायला हवेत. आणि गुन्हेगार कायमचा असा कुणी नव्हताच. दर खेळात यंत्र नवी चिठ्ठी काढायचं. आज मास्तर, उद्या नर्सबाई, परवा आणखी कुणी.

प्रवासी डझनभर, हातात वेळ थोडा. म्हणून तिने एकच चेहरा घडवला आणि त्याचेच सगळे केले. कुणाला दाढी लावली, कुणाला पदर दिला, कुणाच्या गालावर सुरकुत्या ओढल्या. एकाला काही म्हणता काही केलं नाही. रंग तेवढा काळा केला आणि केस आखूड, कुरळे. नाक, डोळे, हनुवटी सगळ्यांची तीच. कुंभाराला विचारा, तो सांगेल, माती एकदा मळली की रांजण काय नि पणती काय.

आणि साच्यासाठी चेहरा कुणाचा? तर जो तिला लहानपणापासून पाठ होता त्याचा. तिच्या बाबांचा. तरुणपणीचा एक फोटो होता तिच्याकडे. त्यातली मिशी उतरवली की झालं. बाबांना हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

गेम बाजारात जाण्याआधी थोड्या लोकांना खेळून बघायला दिला. त्यांचे अभिप्राय आले, तेव्हा चेहरेवाली ते हौसेने वाचायला बसली. आपल्या लेकरांचं कौतुक कुणाला नको असतं? पण कीर्तनात फिरून फिरून ध्रुपदावर यावं तसे सगळे एकाच ओळीवर येत होते.

"काळ्याला बघताक्षणीच ओळखला."

"काय ती नजर! चोरटी म्हणजे चोरटी."

"ओठ दाबून हसतोय बघा. असल्यांना बोटीत घेतातच कशाला?"

आणि एकाने लिहिलं होतं, "पहिल्यांदा त्यालाच उतरवला, तर म्हणे तो निर्दोष! दुसऱ्यांदाही तेच. गेम बिघडलाय, दुरुस्त करा."

ज्या नजरेला ही माणसं चोरटी म्हणत होती, ती मास्तरालाही होती, नर्सबाईलाही होती. तिने स्वतः दिली होती, एका हाताने, एकाच दिवशी. तिने ओळीने सगळ्यांचे डोळे मोठे करून पाहिले, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. केसाचाही फरक नव्हता.

तेवढ्यात मालक आला. तरुण, हसरा, कुणावर आवाज न चढवणारा माणूस.

"वाचलंस ना? सोनं आहे हे."

"सर, सगळ्यांचे डोळे एकच आहेत. त्याचेच तेवढे चोरटे कसे दिसले यांना?"

"अगं, ते तू नाही घातलंस त्याच्या डोळ्यांत. लोक घरूनच घेऊन आले." मालक खुर्ची ओढून बसला. "आपण फक्त त्यांचा विरस करायचा नाही. त्यांना बरोबर ठरायला आवडतं. मग ठरू देत की! तोच गुन्हेगार. कायमचा. आणि जरा शोभू दे तसा. ओठ जाड कर, कपाळ आत घे, डोळ्यांत थोडी लाली टाक. सोमवारी दाखव."

"नाही केला तर?"

"तर दुसरं कुणी करेल," मालक अगदी मायेने म्हणाला, "पण तुझ्या हाताची सर नाही यायची."

ज्याच्या ताटाला ताट लावून ती रोज जेवायची, तो तिचा नवरा त्याच रंगाचा होता. त्याचे आईवडील समुद्रापलीकडून आलेले. तो इथेच वाढला, चष्म्यांचं दुकान चालवायचा. त्याच्या रंगाच्या माणसाच्या डोळ्यांत लाली टाकायची, ती तिने?

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? मनाशी एकच ठरवलं. रविवारी बाबांकडे जायचं होतं. बाबा म्हणजे जन्मभर खाडीवर फेरीबोट चालवलेला सारंग. "बोटीत पाय ठेवला की तो माझा," हे त्यांचं ब्रीद. एवढ्या वर्षांत कुणाला धक्क्यावर सोडून बोट हाकली नाही त्यांनी. त्यांच्या हाती गेम द्यावा. ते तरी बाह्या बघतील, खिसे बघतील. मग सोमवारी मालकाला ठणकावून सांगता येईल की सगळेच तसे नसतात हो, खरा बोटवाला असा खेळतो.

रविवारी जेवणं झाली. नवरा स्वयंपाकघरात बाबांचा गळका नळ खोलून बसला. सासरा-जावयाचं मेतकूट असं की लेकीला कधीकधी आपणच परक्या आहोत असं वाटावं. एकमेकांशी सतत कुरघोडी, आणि एकमेकांवाचून घास उतरत नाही.

"जावईबुवा, नळ दुरुस्त करताय की कारंजं बसवताय?" बाबा इकडून ओरडले.

"तुम्ही बादली धरायला आलात तर नळ. नाहीतर कारंजं!"

चेहरेवालीने हसत बाबांपुढे टचस्क्रीनचा लॅपटॉप ठेवला. "बाबा, ही घ्या तुमची बोट. तळाला भोक पडलंय. कुणी पाडलं ते शोधा आणि त्याला उतरवा."

बाबांनी चष्मा सारखा केला. वादळ बघून खूष झाले. "लाट बरी काढलीय गं! पण नांगर चुकीच्या बाजूला." मग प्रवाशांवरून नजर फिरवली. एकदाच. पडद्यावर बोट टेकवलं आणि काळ्या प्रवाशाला होडीत बसवून टाकलं.

होडी लाटेत दिसेनाशी झाली.

बाह्या नाहीत, खिसे नाहीत. तिला वाटलं, चुकून बोट लागलं असेल. म्हणाली, "बाबा, हाच का?"

"अगं, नजर बघ ना त्याची! आयुष्य गेलं बोटीवर. माणूस चढला की कळतं, कसला आहे ते."

स्वयंपाकघराच्या दारात तिचा नवरा उभा होता. हातात पाना, कोपरापर्यंत भिजलेला. कधीचा उभा होता कोण जाणे. त्याने पडद्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाला, "बाबा, त्याला निदान लाइफजॅकेट तरी द्यायचं होतंत."

कुणी हसलं नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "खेळ आहे रे," ते म्हणाले. "खेळातलं काय मनावर घ्यायचं? आणि... मला नीट दिसलं नसेल. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

"चष्मा मीच केलाय तुमचा, मागच्याच महिन्यात," जावई म्हणाला. "नंबर बरोबर आहे."

चेहरेवालीने त्या प्रवाशाला मोठा करून समोर आणला. रंगाची पट्टी हळूहळू सरकवली. काळा, मग सावळा, मग निमगोरा. कुरळे केस काढून सरळ ठेवले. शेवटी वरच्या ओठावर मिशी लावली.

पडद्यावरून बाबा बघत होते. पंचविशीतले, फेरीबोटीवर नुकतेच लागलेले.

बाबा मागे सरकले. खुर्ची करकरली. "हा... हा तर मी."

"तुम्हीच, बाबा. सगळे तुम्हीच आहात. साचा तुमचा घेतला होता मी."

"आणि मी त्याची नजर..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्यावरचा तरुण तसाच बघत होता, जशा नजरेने त्यांच्या लग्नाच्या फोटोतला बघायचा.

"परत लाव," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

तिने लावला. वादळ उठलं, प्रवासी ओळीने उभे राहिले. बाबांनी हात वर केला आणि हवेतच थांबवला. पण बोटाचा रोख सुटला नव्हता. आता सगळं ठाऊक असूनही ते त्या काळ्या प्रवाशावरच आलं होतं.

"बघ," बाबा पुटपुटले. स्वतःच्याच हाताकडे ते असे बघत होते की जणू दुसऱ्या कुणाचा हात येऊन त्यांच्या खांद्याला चिकटला असावा. "हात आधी तिकडेच जातो गं. मला न विचारता."

मग बाबांनी जावयाकडे न बघताच विचारलं, "तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा... तुला काही जाणवलं होतं?"

जावई पाना पुसत राहिला. "कपाटाचं कुलूप ना?"

चेहरेवालीने चमकून भिंतीकडच्या कपाटाकडे पाहिलं. त्याला कुलूप होतं खरं. दार आपोआप उघडतं म्हणून बसवलं, असं बाबांनी सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं ती तेच धरून चालली होती.

"कोयंड्याखाली लाकडाचा भुसा पडला होता, ताजा," जावई म्हणाला. "झाडायला विसरला होतात."

"तुला ठाऊक होतं?" तिचा आवाज चिरकला. "आणि मला कधी बोलला नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुझं माहेर तुटलं असतं. आणि पुढे हेच तर तापात माझ्या उशाशी बसले. दोन्ही खरंच आहे ना. कुठलं खोटं धरू?"

बाबा डोळे मिटून बसले होते. पापण्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

तिने फोन उचलला आणि मालकाला लावला. "सर, तो चेहरा मी करणार नाही. आणि साचाही परत घेतेय. ज्यांचा चेहरा आहे त्यांना मी विचारलं नव्हतं, ही माझी चूक. त्यांची परवानगी नाही."

"कुणाचा चेहरा?" मालक पलीकडून हसत होता.

बाबांनी हात पुढे केला. तिने फोन दिला.

"नमस्कार," बाबा घसा साफ करून म्हणाले. "मी तुमचा चोर बोलतोय."

मग मालक म्हणाला, "काका, खेळ आहे हो!"

"हो. मघाशी मीही हेच म्हणालो."

मालक अजूनही मायेनेच बोलत होता. काही हरकत नाही म्हणाला, दुसऱ्या कुणाचा चेहरा घेऊ. तयार चेहरे विकत मिळतात, असले तर हवे तेवढे. आणि ताईंना सांगा, सोमवारी यायची गरज नाही. फोन बंद झाला.

म्हणजे बोट बाजारात जाणारच होती. तो प्रवासीही होडीत बसणारच होता, लाल डोळ्यांचा, दुसऱ्याच्या हातचा, आणि घराघरांत लोक खूष होणार होते की आपण बरोबर ओळखलं.

बाबा उठले. जावयाच्या पेटीतला पेचकस घेऊन कपाटासमोर उकिडवे बसले. जुने स्क्रू गंजून घट्ट झाले होते. हात घसरत होता.

"द्या इकडे," जावई शेजारी येऊन बसला. "धसमुसळे आहात तुम्ही."

"नको," बाबा म्हणाले. "मी बसवलंय, मलाच काढू दे. तू फक्त दार धर."

त्याने दार धरलं. स्क्रू करकरत सुटले, कोयंडा खाली पडला. लाकडात चार भोकं उरली.

बाबा त्यांवरून बोट फिरवत राहिले. "ही काही बुजायची नाहीत रे."

"नाही बुजायची," जावई म्हणाला, आणि दार तसंच धरून बसला.