मी, बबडीचा एकुलता एक ड

मी एक स्टूल बोलतोय. आता स्टूल म्हणजे काय असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार पाय आणि वर एक फळी. एवढंसं काम, पण तेही मला धड जमलं नाही. शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत आजवर जेवढी स्टुलं जन्माला आली, त्यांत माझ्याइतकं नाव कुणी काढलं नसेल. फक्त ते नाव काढताना लोक कपाळाला हात लावतात, एवढंच.

माझी जन्मदात्री ही घरातली एकुलती एक लेक. सगळे तिला बबडी म्हणतात. शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा. हुशार म्हणजे काय, विचारू नका! गणितात अ, विज्ञानात अ, भाषेत अ, खेळात पळायचा कंटाळा, तरी तिथंही अ. तिला पुढं इमारतींची रचना शिकायची होती. वह्यांच्या मागच्या पानांवर जिने, कमानी, खिडक्या काढत बसायची.

सुतारकाम हा मात्र तिच्या लेखी विषयच नव्हता. "एक स्टूल तर करायचंय, त्यात काय एवढं?" असं म्हणून तिनं कागदावर माझं चित्र काढलं. काय सांगू, असा देखणा दिसत होतो मी! मला वाटलं, आपण कुठल्या तरी दिवाणखान्यात शोभणार. मग ते चित्र बाजूला पडलं ते पडलंच. बाकीची पोरं रोज आपापली लाकडं घासत होती, आणि ही त्याच खोलीत भुशात बसून गणितं सोडवत होती. वस्तू द्यायच्या दिवशी सकाळी बाईसाहेबांना माझी आठवण झाली.

तीन पाय सारखे निघाले. चौथा नखभर तोकडा. तिच्या ते लक्षात आलं नाही असं समजू नका, चांगलं आलं. पण वेळ कुठे होता? तिनं पुठ्ठ्याची घडी करून माझ्या तोकड्या पायाखाली सरकवली आणि चेहरा साळसूद करून उभी राहिली.

सुतारकामाचे सर अंगानं भारदस्त. त्यांची परीक्षा साधी होती. स्टुलावर बसायचं आणि बसल्या बसल्या ग्रेड लिहायची. ते बसले, पुठ्ठा सटकला, मी कललो आणि सरांनी शेजारचं टेबल दोन्ही हातांनी धरलं म्हणून थोडक्यात वाचले. सगळी खोली खिदळली.

"सर, लागलं का हो?" बबडीनं विचारलं.

"मला नाही लागलं. तुला लागेल," सर म्हणाले आणि त्यांनी ड लिहिला.

त्यांचं खरं झालं. पुढच्या वर्षी कॉलेजांचे अर्ज भरायची वेळ आली. बबडीच्या मनात एकच कॉलेज होतं, मोठ्या नावाचं. तिथं अर्ज आधी कॉम्प्युटर वाचतो म्हणे. सरासरी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की संपलं, माणसाच्या नजरेला अर्ज पडतच नाही. घरातल्यांनी आकडेमोड केली. सगळे अ एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला, आणि तरी सरासरी खाली! मी तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. अख्ख्या घराला खाली ओढण्याएवढं वजन आपल्यात आहे, हे मला तेव्हाच कळलं.

बबडीचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. आई दातांच्या दवाखान्यात फोन घेते आणि घाबरलेल्या लोकांना धीर देते. आणि मामा विमा विकतो, त्यामुळे प्रत्येक संकटावर त्याच्याकडे काहीतरी असतंच.

"त्यात काय, अर्जात लिहायचं, पोरगी आजारी होती," मामा म्हणाला. "टायफॉइड लिहा. टायफॉइडला कुणी नाही म्हणत नाही."

"टायफॉइड काय फक्त सुतारकामाच्या तासाला व्हायचा का रे?" बाबांनी विचारलं.

शेवटी शाळेतूनच एक वाट निघाली. वस्तू दुरुस्त करून आणली तर सर एकदा पुन्हा बघणार होते. झालं! स्वयंपाकघरातच माझ्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली. बाबा म्हणाले, "मी केसभर फरकाची कामं करतो, हे माझ्यावर सोडा." त्यांनी एक लांब पाय घासला. चुकीचा घासला. मी आता उलट्या बाजूला कलायला लागलो. मग बबडीनं करवत घेतली आणि दुसरा कापला. तेवढ्यात मामा म्हणाला, "सरका दाजी, तुम्हा लोकांना घाई फार," आणि त्यानं दोन पाय एकदमच कापले. एवढं होऊनही मी डुगडुगतच होतो. उंची मात्र भराभर उतरत होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "अजून थोडं कापा, म्हणजे चहाचा ट्रे होईल." खरं सांगतो, मलाही हसू आलं. रडून काय उपयोग, पाय तर गेलेच होते.

पण अखेर जमलं! बबडी माझ्यावर बसली, पुढं झुकली, मागं झुकली, तिनं उड्या मारून बघितल्या. मी ढिम्म हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले होते. बाबांनी मामाला मिठी मारली. मला तर वाटलं, आता सर अ देतात की अ प्लस!

शाळेत सर या वेळी बसलेच नाहीत. शहाणे झाले होते. त्यांनी नुसतं एक बोट माझ्या कोपऱ्यावर दाबलं. मी टकटक वाजलो.

"घरी हलत नव्हतं हो, सर! आईशपथ!" बबडी रडवेली झाली.

"घरी नसेल. इथं हलतंय."

ड कायम राहिला. बबडी मला काखोटीला मारून घरी आली आणि तिनं मला रागानं स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी आदळलं. मी उभा! पुन्हा ढिम्म! ती बघतच राहिली. मग तिनं डब्यातला एक वाटाणा जमिनीवर ठेवला. तो गडगडत सिंकच्या दिशेनं निघून गेला. आमची फरशीच सिंककडच्या कोपऱ्यात खचून वाकडी झाली होती. तीन शहाण्यासुरत्या माणसांनी मला मापात कापलं होतं, पण वाकड्या फरशीच्या मापात.

"अगं बाई," आई म्हणाली, "म्हणून पाणी सगळं तिकडं जातं होय! मला वाटायचं, मुद्दाम तसं केलंय."

मोठ्या कॉलेजचं उत्तर आलं. नाही. कारण वगैरे काही नाही, नुसतं नाही. बबडी आली, माझ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मला फार वाईट वाटलं. जिचं स्वप्न आपल्यामुळे गेलं, तिनं आपल्यावरच बसून रडावं, आणि आपल्याला एवढंही म्हणता येऊ नये की बाई, चुकलं. त्या दिवसापासून मात्र ती स्वयंपाकघरात आली की खुर्ची सोडून माझ्यावरच बसायला लागली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

उरलं होतं एक लहानसं कॉलेज, दूरच्या गावातलं. तिथं अर्ज माणसं वाचायची. त्यांनी मुलाखतीला बोलावलं, तीही कॉम्प्युटरवर, घरूनच. आमच्याकडे इंटरनेट धड चालतं ते फक्त स्वयंपाकघरात. तेव्हा खुर्चीवर लॅपटॉप, समोर माझ्यावर बबडी, आणि दाराआड आई, बाबा, मामा एकावर एक माना काढून उभे.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक मॅडम होत्या आणि शेजारी एक सर. चार गोष्टी विचारून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सगळे अ, आणि हा सुतारकामात एक ड. काय झालं होतं गं?"

दाराआडून मामा हातवारे करून ओठांनी सांगत होता, टाय-फॉ-इड.

"मॅडम," बबडी म्हणाली, "मी आत्ता त्याच्यावरच बसलेय."

"म्हणजे? दाखव बघू."

तिनं लॅपटॉप वळवला आणि मला दोन्ही हातांनी दाबून दाखवलं. मी हललो नाही. मॅडम पुढं वाकल्या. "हे तर छान उभं आहे. मग ड कशाला? सरांनी अन्यायच केला म्हणायचा."

मामानं दाराआड अंगठा वर केला. तुम्हाला सांगतो, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी निर्दोष सुटत होतो!

बबडीनं लॅपटॉप परत वळवला. मग म्हणाली, "नाही मॅडम. ड बरोबर आहे. मी सुतारकाम मनावरच घेतलं नव्हतं. पुठ्ठा लावून सरांना फसवायला गेले आणि ते पडता पडता वाचले. नंतर आम्ही घरी कापून नीट केलं, पण ते आमच्या फरशीपुरतंच. आमची फरशी एका कोपऱ्यात खचून वाकडी झाली आहे. इथून उचललं की हे परत डुगडुगतं. फरशी बघायला हवी होती, ते आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

मॅडमशेजारचे सर खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत, खाली बघून काहीतरी लिहीत राहिल्या. पडदा काळा झाल्यावर मामा मटकन खाली बसला. "घालवलंस गं! हातातोंडाशी आलेलं घालवलंस!"

"खरं बोलली ना? मग पुरे झालं," आई म्हणाली आणि रिकामंच पातेलं गॅसवर ठेवायला गेली.

निकाल आला. प्रवेश मिळाला! एक अट होती. पहिल्या सहामाहीत सुतारकाम पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, आणि स्टूल करूनच दाखवायचं. मामा सगळ्यांना सांगत सुटला, की खरं सांगायची कल्पना मूळची त्याचीच.

बबडी गेली. घर भलतंच शांत झालं. एके सकाळी बाबांनी फरशीवाल्याला बोलावलं. त्यानं उतार दाखवणारी पाण्याची पट्टी जमिनीवर ठेवली आणि मान हलवली. "ताई, कोपरा खचलाय, उतार बराच आहे. एका दिवसात सपाट करून देतो, आरशासारखी."

आई माझ्याकडे बघत उभी होती. "नको," ती म्हणाली. "राहू द्या."

"अगं, नको काय?" बाबा म्हणाले. "फरशी वाकडी आहे हे कळल्यापासून तूच कटकट करत होतीस ना?"

"सुट्टीत पोर येईल. आली की आधी इथं येऊन बसेल," आई म्हणाली. "सपाट फरशीवर हे डुगडुगेल हो."

बाबांनीच पट्टी उचलून फरशीवाल्याच्या हातात दिली. फरशीवाला पट्टी पिशवीत घालून निघून गेला.

तर मंडळी, शाळेत मी ड आहे, कॉलेजात ड आहे, साऱ्या जगात मला कुठंही नेऊन ठेवा, मी ड आहे. या एका घरात मात्र एका बाईनं माझ्यासाठी फरशी वाकडी ठेवली आहे. तुमच्याही घरात एखादं ड मिळवून आलेलं पोर असेल. त्याला जरा टेकायला जागा ठेवा, एवढंच या चुकलेल्या स्टुलाचं मागणं आहे.