भागीरथाबाईचा अंगठा

भाजी चिरताना पावशीचं पातं लागलं, म्हणून भागीरथाबाईने डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली. पंधरवडा उलटला तरी ती सोडली नाही, त्याचं कारण मात्र वेगळं होतं.

विधवेला नवऱ्याची जमीन आपल्या मर्जीने कुणालाही देता येते, असा नवा कायदा नुकताच आला होता. भागीरथाला मूलबाळ नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गाठीला काय, तर धानाची चार एकर बांधी. बांधी ज्याच्या नावे होईल त्याने म्हातारीला शेवटपर्यंत पोसायचं. पण नावे झाल्यावर पोसणारा फिरला तर? या धास्तीने ती कुणालाच हो म्हणेना. पुतण्या देवाजी आणि त्याची बायको सुकरी तिला सांभाळत होते. सुकरीने पेज घट्ट केली की ‘गोडीगुलाबीनं लुटते’, पातळ केली की ‘उपाशी मारते’. त्या पोरीने करावं तरी काय!

त्यात चुलतदीर भैयाजीने तेल ओतलं. “वयनी, झोपल्यावर अंगठा मारून घेतेत लोकं. जपून राहा.”

झालं. सुकरी जखम पाहायला हात मागायची, म्हातारी मूठ पदराखाली दडवायची. आत जखम पिकली, ताप भरला.

एका दुपारी गुंगीतून ती जागी झाली, तो अंगठ्याला कोरी चिंधी. घाईघाईने सोडून पाहते, तर अंगठा काळा! ती अंगणात येऊन गाव गोळा करू लागली. “चोट्टी हाय वो ही! माहा अंगठा मारून घेतला!”

“मोठीमाय, आयका त खरं,” सुकरी रडकुंडीला आली. पण ऐकतंय कोण?

भैयाजी धावतच आला. त्याने अंगठा हुंगला, जरा थांबला आणि म्हणाला, “शाईच हाय, वयनी. बांधी माह्या नावानं करा, मी पोसतो तुमाले.” त्याच दिवशी त्याने तिला आपल्या घरी नेलं.

ताप उतरताच बंडी जुंपून तो तिला ब्रह्मपुरीच्या रजिस्ट्री कचेरीत घेऊन गेला. कारकुनाने तिचा अंगठा रॉकेलच्या बोळ्याने घासला. काळं निघेना.

“बाई, शाई असती त निघाली असती. हा बिबा हाय. कोणं लावला? नसता लावला त जखम पिकून बोट गेलं असतं तुमचं.”

“बाजूचं बोट घ्या ना साहेब,” भैयाजी घाईने म्हणाला.

भागीरथाने अंगठा नाकाशी नेला. जन्मभर जंगलातून बिबे वेचले होते तिने. पण संशयाला नाक कुठलं असायला! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मूठ आवळली. “मले नाई द्याचं.”

भैयाजी बंडी हाकत एकटाच निघून गेला. म्हातारी कुणाच्या तरी धानाच्या बंडीत बसून दिवेलागणीला घरी आली. सुकरीने वर न पाहता पेज पुढे सरकवली. ती घट्ट की पातळ, हे भागीरथाने पाहिलं नाही. माफी मागायची तर जीभ वळेना. शेवटी तिने अंगठा पुढे केला. “ठणकून राह्यला वं. थोडा बिबा लाव.”

“उद्या लावतो,” सुकरी म्हणाली. “चार बाया बोलावतो, त्याहिच्या समोर लावतो. अन् तुमी जाग्या राहा.”