पाच नंबरचं टेबल

“पाच नंबरचं टेबल तुमचं, मेहरुन मॅडम. बिर्याणी!” तेजसने यादीवर खूण केली आणि मान वर करून गोड हसला.

मेहरुनच्या हातात बियाण्याच्या पाकिटांची चवड होती. माल गाडीत चढण्याआधी पाकिटांवरचे लॉट नंबर ताडून बघायचे, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. तिने चवड खाली ठेवली.

“मला बिर्याणी येत नाही,” ती म्हणाली.

सगळी खोली हसली.

“घ्या! अक्का आता भाव खाऊ लागल्या,” कुंदन पलीकडच्या टेबलावरून ओरडला.

“खरंच नाही येत रे. आमच्याकडे लग्नात व्हायची, तीसुद्धा बाहेरचा भटारी येऊन करायचा. मी भरीत करते ना. दरवर्षी करते तसं.”

“भरीत खान्देशी टेबलावर आहे,” तेजस म्हणाला. “ते दिपमाला मॅडमकडे दिलंय. हॉटेलातून मागवणार आहेत. तुमचं काहीतरी हवं ना मॅडम, तुमच्या संस्कृतीतलं.” मग जाता जाता त्याला आठवलं. “व्हेज करा हं. ऑफिसात नॉनव्हेज चालत नाही.”

पोरगा वाईट नव्हता. पुण्याच्या मुख्य कचेरीतून जळगावला येऊन त्याला दोनच महिने झाले होते. कंपनीने यंदा सगळ्या शाखांना विविधता दिवस साजरा करायला सांगितलं होतं. आपण सगळे एकत्र काम करतो, पण एकमेकांना ओळखत नाही, असं त्या पत्रात लिहिलं होतं. मेहरुनने ते दोनदा वाचलं. ओळखत नाही म्हणजे काय, ते काही तिला उमगलं नाही. कुंदनच्या मुलीचा रक्तगट तिला पाठ होता.

या कचेरीत डिसेंबर म्हणजे भरीत. शिपाई छगन असोद्याहून हिरवी, हाताएवढी वांगी गोणीभर आणायचा. गोदामामागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ व्हायचा. वांगी उलटीपालटी करायची ती मेहरुनने, सोलायची तिने, आणि खोलगट लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायचीही तिनेच. दुसऱ्या कोणी मुसळी धरली की छगन म्हणायचा, “ठेव रे, तुले जमाव नई.” पोरं तिच्याभोवती पुऱ्या घेऊन उभी राहायची, तिला “अक्का, लवकर” म्हणून घाई करायची आणि शिव्या खायची. फेब्रुवारीत ती निवृत्त होणार होती. म्हणजे हे तिचं शेवटचं भरीत.

दुपारी छगन जिन्यात भेटला. “अक्का, रविवारले वांगा तोडतस आमनाकडे. किती आनू?”

“यंदा नको, छगनभाऊ. यंदा तसली पार्टी नाही.”

“आनि मंग भरीत?”

“हॉटेलातून येणार आहे.”

छगन “हाटेलमा वांगं गॅसवर भाजतस,” एवढंच बोलून चहाचा ट्रे घेऊन वर गेला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तेजसने कपड्यांचंही विचारलं. “पारंपरिक पोशाख हवा मॅडम. शरारा वगैरे असेलच की.”

“माझ्या आईने जन्मभर साडी नेसली रे बाबा. मीही तीच नेसते.”

“बरं,” तो म्हणाला, आणि त्याचं तोंड जरा उतरलं.

घरी मेहरुन एकटीच. तिचा नवरा अय्युब या कंपनीच्याच गाडीवर होता. धुळ्याच्या रस्त्यावर अपघातात तो गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. मुलगी रुखसार लग्न होऊन सुरतेला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शेजारची तबस्सुम मदतीला आली. चाळीस माणसांच्या बिर्याणीचा अंदाज दोघींनाही नव्हता. तबस्सुमने मोबाइलवरच्या बाईचं ऐकून तांदूळ उकळला, मेहरुनने भाज्या परतल्या. मीठ तबस्सुमने घातलं असेल असं मेहरुनला वाटलं, मेहरुनने घातलं असेल असं तबस्सुमला. रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवत होती. चाखायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

कचेरीच्या हॉलमध्ये पताका लागल्या होत्या. छगनला फेटा बांधून दारात उभं केलं होतं, येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडायला. एक नंबरच्या टेबलावर दिपमाला नऊवारी नेसून, नथ घालून उभी होती. तिच्यापुढे पाटी होती, ‘आपली खान्देशी संस्कृती’. पाच नंबरवर हिरव्या कागदाची पाटी होती, ‘मुस्लीम संस्कृती’. मेहरुनने पातेलं ठेवलं आणि पाटीच्या मागे उभी राहिली. एका टोकावर हे टेबल, दुसऱ्या टोकावर ते. मधे सगळी कचेरी.

लोक येत होते, चमचाभर घेत होते.

“वा! अप्रतिम!”

“मॅडम, काय सुगंध आहे!”

“एकदम ऑथेंटिक!” तेजसने तिचा फोटो काढला. “हसा मॅडम.”

सगळेच आज तिला मॅडम म्हणत होते. कुंदननेसुद्धा द्रोण दोन्ही हातांनी घेतला, देवळात तीर्थ घ्यावं तसा, आणि “फारच छान” म्हणून पुढे सरकला. त्याचा द्रोण तिने खांबाजवळच्या टोपलीत पाहिला, तसाच भरलेला. टोपलीत असे पुष्कळ होते.

तेव्हा तिने एक घास घेतला. आळणी. मिठाचा कणही नाही.

घास तोंडात तसाच राहिला आणि तिला एकदम जीवराम नाना आठवले. पहिलं वर्ष. ती सत्तावीसची, नवरा गेल्याचं दुःख ताजं, कचेरीत कोणाशी बोलायची सोय नाही. जाळावर पोरं वांगी करपवत होती, ते न बघवून ती पुढे झाली आणि तिने भरीत केलं. केल्यावर तिला भान आलं. गोदामपाल जीवराम नाना माळकरी, बाहेरचा चहासुद्धा न घेणारे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नानांनी पुरीचा तुकडा मोडला, भरीत उचललं, सावकाश चावलं.

“मीठ कमी शे वं पोरी,” ते म्हणाले. “पुढला साले मिरच्या बी जास्त टाक.”

आणि पत्रावळ पुढे केली. त्या दिवशी घरी जाऊन ती पोटभर रडली होती, बऱ्याच महिन्यांनी आनंदाने.

एकतीस वर्षांत तिच्या भरताला किती नावं ठेवली या लोकांनी! तिखट झालं, तेल फार झालं, औंदा अक्कांचं लक्ष नाही. आज चाळीस जणांपैकी एकानेही तोंड वाकडं केलं नव्हतं.

दिपमाला नथ सावरत आली. वीस वर्षं दोघींचा डबा एकत्र उघडत होता. “काय सुंदर झालीय हो,” ती म्हणाली.

“दिपा, खरं सांग. मीठ आहे का हिच्यात?”

दिपमाला गडबडली. “नाही... म्हणजे, मला जाणवलं ते.”

“मग बोलली का नाहीस? माझ्या वरणात हळद जास्त झाली तर चार दिवस बोलतेस.”

“अहो, ते वेगळं.” दिपमालाने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच अवघड होतं. “मला वाटलं, तुमच्यात अशीच करत असतील. उगाच तुम्हाला वाईट नको वाटायला.”

तिकडे तेजसने ग्रुप फोटोला हाक मारली. “सगळ्यांनी आपापल्या पाटीसकट या!” दिपमाला लगबगीने गेली.

“मेहरुन मॅडम, या ना!”

“घ्या तुम्ही. आलेच,” ती म्हणाली आणि गेली नाही.

ती एक नंबरच्या टेबलाशी गेली. हॉटेलच्या भरताशेजारी मिठाची वाटी होती, ती उचलून आणली. मिठात थोडं पाणी घालून ते विरघळवलं, पातेल्यात सगळीकडे शिंपडलं आणि भात मोडणार नाही असा हलक्या हाताने तळापासून वर घेतला. चाखून पाहिलं. पुन्हा थोडं घातलं. आता बरोबर झालं होतं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला सगळे दाटीवाटीने उभे राहून हसत होते. जेवणं कधीच उरकली होती. मेहरुनने पातेल्यावर झाकण ठेवलं, सांडलेली शितं बोटाने टिपून घेतली आणि टेबल पुसायला लागली.