आठ नंबरच्या चपला

राहत्या गावातल्या लॉजची जाहिरात माणसाला कोण दाखवेल? धाकटीच्या फोनवर ती आली तेव्हा मी पडद्याला कड्या ठोकत होते. तिने फोन माझ्या नाकापुढे धरला. ‘स्टँडसमोर स्वच्छ खोल्या. आजच या.’ आमचाच स्टँड. आमच्या पडदे शिवायच्या दुकानाच्या पायरीवरून दिसतो तो.

“ताई, तो इकडे यायला निघालाय.”

“कोण?” मी विचारलं खरं, पण हातोडी आधीच खाली ठेवली होती.

गेल्या हिवाळ्यात माझी ही बहीण नवऱ्याचं घर सोडून आली ती एका पिशवीनिशी, जबडा सुजलेला. जावईबापूंचं लग्नापासून एक तत्त्व होतं: नवरा-बायकोत कसलं आलंय वेगळं खातं? टीव्ही, टॅब, दोघांचे फोन, सगळ्याला एकच खातं, एकच पासवर्ड. नातेवाईक कौतुकाने माना डोलवायचे, केवढा तो विश्वास! काय काय शोधलं त्याची नोंद मात्र त्याने पहिल्यापासून बंद ठेवलेली. बायकोचं सगळं बघायचं, आपलं काही दिसू द्यायचं नाही.

घर सोडलं तरी धाकटीने खातं सोडलं नाही. आईचे होते नव्हते ते फोटो त्यातच. नोंद बंद होती, पण जाहिरातींचं तोंड कोण धरणार? तो तिकडे जे शोधायचा त्याची जाहिरात इकडे उगवायची. आणि ही इथे जे शोधत होती, इथला दातांचा दवाखाना, इथलं दोऱ्याचं दुकान, ते तिकडे त्याच्या टीव्हीवर. आमचं गाव त्याला हिनेच सांगितलं होतं, तोंड न उघडता.

त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याचे पडदे शिवायला टाकायला आल्या. त्यांच्यापुढे मी जाहिरातींना शिव्या घातल्या, तर त्या हसल्या. “मला बाई आवडतं. मनात आलं की समोर हजर! आणि माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?” असं म्हणून कापड उजेडाला धरलं. “यातून बाहेरचं कुणी आत बघणार नाही ना?”

माझ्या हातात कात्री होती. गिऱ्हाईक म्हणून बाईंना सोडलं.

त्या गेल्यावर मी धाकटीवर ओरडले, “बंद कर ते खातं. आत्ताच्या आत्ता.”

“फोटो घेईन गं उतरवून. पण बंद केलं तर तो कुठवर आलाय ते कळणार कसं?”

मग डोकं तिचंच चाललं. तिथेच बसून तिने लांबच्या एका बंदराच्या गावी खोली शोधायला घेतली. खोलीमागून मासळीच्या कारखान्यात काम, मग छत्री, मग गादी. चार-पाच दिवसांत स्टँडसमोरचा लॉज गेला आणि बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. गडी तिकडे धावला! आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ती रडायला लागली ते मला उशिरा कळलं.

पुढे ते रोजचंच झालं. चहा झाला की धाकटी फोनवर शोधून शोधून त्या गावातल्या आपल्या भुताचा संसार मांडायची. “तुझं भूत तुझ्याहून नटवं आहे,” मी म्हणायचे. “पडदे घेतंय, तेही दुसऱ्याच्या दुकानातून!” पण कधी कधी बाहेर रणरणतं ऊन असताना ती शाल ओढून घ्यायची. तिकडे पाऊस आहे म्हणायची.

मग एकदा फोनवर बायकांच्या चपला आल्या. आठ नंबर. धाकटीचा पाय चार नंबरचा, बाहुलीचा.

“हात हलवत घरी परतला आणि आणली वाटतं दुसरी,” मी म्हटलं. “सुटलीस एकदाची.”

चपलांमागून शेकायची बर्फाची पिशवी आली. मग चेहऱ्यावरचे डाग झाकायचं क्रीम. ते पाहून तिने फोन मशीनवर उलटा ठेवला.

“हे तोच मागवतो ताई. मारून झालं की स्वतः बसून रंग निवडतो. माझा रंग पाठ होता त्याला. हा थोडा गडद आहे.”

मग तिने फोन पुन्हा सुलटा केला.

“तिला दिसेल असं काहीतरी मी शोधते.”

“अगं, त्यालाही दिसेल ना!”

“तो कामावरून येईपर्यंत टीव्ही तिचाच असणार. माझा असायचा.”

“मग तिथलीच, त्यांच्या गावची बायकांची एखादी संस्था बघ. आपलं गाव कशाला?”

“तिथली? तिथल्या चौकीत मला चहा पाजला आणि फोन करून त्यालाच न्यायला बोलावलं. तिथलं कुणी नको.”

आणि माझ्यासमोर तिने लिहिलं: एकट्या बाईला सुरक्षित खोली. पुढे आमच्या गावाचं नाव. मी तिचं मनगट धरलं. वाकडं जुळलेलं हाड बोटांना लागलं. सोडलं मी. मग ती तेच शोधत राहिली. खोली, बायकांचं वसतिगृह, पडदे शिवायला बाई पाहिजे, आणि शेवटी आमच्या दुकानाचं नाव.

पुढच्या आठवड्यात चाकांच्या बॅगेची जाहिरात आली. लहान, एका माणसाची. ती बॅग तिने शोधली की त्याने? जाहिरात तेवढं सांगत नाही.

तेव्हापासून आम्ही शटर अर्धं खाली ओढून शिवत होतो. आतून फक्त पाय दिसायचे. बुटांचा जोड दिसला की दोन्ही मशीनं थांबायची.

परवा दुपारी पाय आले. बाईचे, मोठे. चपला जाहिरातीतल्याच. धाकटीने उठून शटर वर केलं. दारात चाकांची बॅग घेऊन उंच बाई उभी होती. घामाने गालावरचं क्रीम ओघळलेलं, खालचं निळं उघडं पडलेलं.

“ती जाहिरात... या दुकानाची ना?” ती म्हणाली. “सारखी यायची. मला वाटलं, कुणीतरी मला बघतंय.”

धाकटीने तिला आत ओढलं, मी शटर खालपर्यंत पाडलं.

“त्याला माहीत आहे, तू इथे आलीस ते?”

“नाही. कुणालाच नाही.”

धाकटीने आपला फोन उचलला आणि परत उगवलेली जाहिरात तिच्यापुढे धरली. ‘स्टँडसमोर स्वच्छ खोल्या. आजच या.’

“हे तू शोधलंस?”

तिने नकारार्थी मान हलवली.

मी आतून कुलूप घातलं, दोघींना कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसवलं आणि मोठी कात्री मांडीवर घेऊन शटरखालच्या फटीकडे बघत बसले.