एकांगी संस्थेचा अहवाल

चारुदत्तने दोन्ही अहवालांवर अर्ध्या तासात शेरे मारले. नव्या रायपुरातल्या एका सल्लागार कंपनीत त्याचं कामच ते होतं, कोणत्या संस्थेचं म्हणणं कितपत धरायचं ते ठरवणं. अभनपूरजवळच्या एका गावात गोदामांसाठी जमीन घ्यायची होती. धानमाटी अध्ययन केंद्राचं म्हणणं होतं की गाव विरोधात आहे, लोक भडकलेले आहेत. केंद्राचे दोन विश्वस्त विरोधी पक्षाचे. चारुदत्तने लिहिलं, ‘कल उघड. विचारात घेऊ नये.’ नवक्षितिज नीती मंच म्हणत होता, गाव राजी आहे. त्यांच्या विश्वस्तांच्या यादीत कुठल्याच पक्षाचा माणूस नव्हता. त्याने लिहिलं, ‘तटस्थ.’

धानमाटीची पाहणी तिथल्या पद्मिनीने केली होती. तिचा फोन आला.

“भैया, आमचे लोक कोन्या पार्टीचे, येवढंच पाहून राहिले तुम्ही. मी त्या गावात सतरा दिवस होती. मंचवाले किती दिवस होते, विचारलं काय?”

त्याने विचारलं नव्हतं.

गावातल्या जनसुनावणीच्या सकाळी मांडव गच्च भरला होता. पद्मिनी पुढे कडेला उभी होती. चारुदत्त माइकसमोर उभा राहिला. “एका तटस्थ पाहणीनुसार गावाची संमती...”

“हमन ला कोन पूछिस?” आम्हाला कुणी विचारलं, असं मागून एक बाई छत्तीसगढीत किंचाळली.

पहिली खुर्ची त्याच्या छातीवर आदळली. मग विटा आल्या. तो पडला आणि कुणाचा तरी बूट त्याच्या उजव्या हातावर पडला. बोटं मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. लोक मांडवाचे बांबू उपसत होते. तेवढ्यात गोदामांच्या कंत्राटदाराची माणसं लोखंडी सळया घेऊन घुसली आणि समोर येईल त्याला झोडपत सुटली, म्हातारं पाहिलं नाही की बाई पाहिली नाही. कंपनीचा ड्रायव्हर धर्मपाल चारुदत्तला उचलायला धावला. सळई त्याच्या डोक्यात बसली. तो गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्त आलं, मग आडवा झाला.

पद्मिनीने चारुदत्तला कॉलरला धरून ओढलं. तिच्या पाठीत दोन फटके बसले तरी तिने सोडलं नाही. “उठा भैया! मारून टाकतीन, उठा!”

धर्मपाल तिसऱ्या दिवशी गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको सत्यभामा चारुदत्तसमोर येऊन उभी राहिली.

“गाव राजी आहे म्हणून तुम्हीच सांगतलं होतं ना यायले?”

“हो. मीच.”

ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने पुसलं नाही.

कंपनीला त्याच्याकडून कागद हवा होता, की गर्दी धानमाटीने भडकवली. “त्यांचा कल तर तुम्हीच लिहिलाय,” साहेब म्हणाले.

त्याने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘धानमाटी एकांगी आहे, पण ती घरोघर गेली होती. मंचाचा एकही माणूस गावात गेला नाही, हे मी आता विचारून घेतलं आहे. तेव्हा विचारलं नव्हतं. सळया कंत्राटदाराच्या माणसांच्या हातात होत्या.’ तो कागद त्याने पोलीस चौकशीत दिला.

कागद दिल्यानंतर चौथ्या दिवशी भरदुपारी दोघे जण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्याच्या घरात शिरले.

“कागज वापस ले.”

“नाही घेत.”

त्यांनी त्याचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि मनगटावर दगड घातला. दोनदा.

चौकशी अधिकाऱ्याने पुढच्या आठवड्यात त्याचा जबाब वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढे केलं. चारुदत्तने डाव्या हाताच्या प्लास्टरमधून बाहेर आलेला अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला.